पितृवंशाच्या डीएनएवरून युरोपीय माणसाचे मूळ खरोखर सांगता येते का?

ओड्राकाठचा (धागाकर्ता), सोमवार

नमस्कार. मी गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त पोलंडमधील व्रोत्स्वाफ या शहरात राहतो. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

आमच्या कचेरीतील एका पोलिश सहकाऱ्याला त्याच्या बायकोने वाढदिवसाला डीएनए चाचणीचा संच भेट दिला होता. पिएरोगीचा डबा बाजूला सारून त्याने मोबाइलवर निकाल दाखवला. नकाशावर काळ्या समुद्राच्या उत्तरेला एक लाल ठिपका होता, त्यातून निघालेला एक बाण पोलंडकडे गेला होता आणि दुसरा मध्य आशियाला वळसा घालून थेट गंगेपर्यंत पोहोचला होता. त्याचा पितृवंशाचा हॅप्लोग्रुप, म्हणजे डीएनएतील समान खुणांवरून ठरवलेला वंशगट, आर१ए निघाला आहे. मी सहज म्हणालो की पुण्यातल्या माझ्या मावसभावाचाही हाच गट निघाला होता. त्यावर तो उठून उभा राहिला, माझा हात हातात घेऊन म्हणाला की मग आपण भाऊबंदच झालो, आणि त्या आनंदात त्याने माझ्या डब्यातली भेंडीची भाजी निम्मी संपवली.

भाजीचे दुःख नाही. मात्र पुढे त्याने कागदी रुमालावर युरोपचा नकाशा काढून सगळ्यांची वाटणी करून टाकली. आयर्लंडपासून स्पेनपर्यंतचे आर१बी वेगळे, स्वीडनचे आय१ वेगळे, फिनलंडचे एन गटाचे लोक त्याच्या मते मुळात आशियाई, बोस्नियाचे आय२ हे तिथले आदिवासी, आणि खरे स्लाव्ह म्हणजे आर१ए. हे ऐकायला फार नेटके वाटते आणि नेटकेपणाचीच मला शंका येते. एखाद्या माणसाचे किंवा समाजाचे मूळ अशा एका अक्षर-आकड्यावरून सांगता येते का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

पावट्याची उसळ, सोमवार

परक्याच्या डब्यातली भेंडी न विचारता खाल्ली, म्हणजे भावकी सिद्ध झाली. चाचणीचा खर्च उगीच केला.

कडुलिंब, सोमवार

मूळ प्रश्नाकडे जाण्यापूर्वी एक दुरुस्ती करतो. ओड्राकाठचा, तुमच्या मावसभावाचा पितृवंश म्हणजे त्याच्या वडिलांचा, अर्थात तुमच्या मावशीच्या यजमानांचा वंश. त्याच्याशी तुमचा रक्ताचा काहीही संबंध नाही. मामेभावाची चाचणी केलीत तर तुमच्या आजोळचा गट कळेल, आत्तेभावाची केलीत तर आत्याच्या सासरचा. तुमचा स्वतःचा गट कळायला चुलतभाऊच हवा. इंग्रजीत सगळ्यांना कझिन म्हणून मोकळे होतात, त्यामुळे तिथे ही चूक खपून जाते. मराठीत ती खपायला नको होती.

ओड्राकाठचा, सोमवार

कडुलिंब, ओशाळलो. म्हणजे भेंडी अगदीच फुकट गेली.

सूक्ष्मदर्शी, सोमवार

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करतो. माझा विषय वनस्पतींचा आहे, पण या प्रकरणाची कार्यपद्धती सारखीच असल्यामुळे लिहितो.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. इतर गुणसूत्रांची दर पिढीत आई-बापांच्या वाट्यांची सरमिसळ होते. वायच्या टोकांचे छोटे भाग सोडले तर ती होत नाही. नक्कल होताना अधूनमधून एखादे अक्षर मात्र चुकते, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पुरुष वंशजांत उतरते. ज्यांनी जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. एखाद्या लेखनिकाने एका श्लोकात काना गाळला, की त्या पोथीवरून झालेल्या प्रत्येक प्रतीत तो काना गळलेला असतो. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी हस्तलिखितांची कुळे अशाच पाठभेदांवरून लावली गेली. हॅप्लोग्रुप म्हणजे अशा पाठभेदांचे कूळ. आर१ए हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे आणि त्याच्या आत शेकडो पोटकुळे आहेत.

आता पोलंड आणि भारत. युरोपातील बहुतेक आर१ए पुरुष झेड२८२ या फांदीवर बसतात, तर मध्य आणि दक्षिण आशियातील बहुतेक झेड९३ या फांदीवर. पीटर अंडरहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली या फांद्या फुटण्याचा काळ सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा काढला. एका पिढीला एकोणतीस वर्षे धरली तर या दोनशे पिढ्या होतात. तेव्हा आपल्या सहकाऱ्याला भाऊबंद जरूर म्हणावे, फक्त सुतक पाळायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाबद्दल बोलते. उरलेले ५११ पुरुष आणि ५१२ स्त्रिया यांच्याबद्दल ते मौन पाळते. पुरुषाच्या एकूण डीएनएतही वायचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. एवढ्यावरून त्या माणसाचे मूळ सांगणे म्हणजे सातबाऱ्यावरचे एक नाव वाचून गावाचा इतिहास सांगण्यासारखे आहे.

सह्यकडा, मंगळवार

सूक्ष्मदर्शी यांच्या हिशेबात चूक नाही, पण त्यांचा सूर मला मान्य नाही. दोन टक्के, एकच पूर्वज, असे म्हणून हल्ली जो तो हॅप्लोग्रुप उडवून लावतो. एका माणसाचे मूळ त्यावरून सांगता येत नाही हे कबूल. परंतु हजारो माणसांचे, आणि विशेषतः हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचे वाय गुणसूत्र एकत्र पाहिले की जे दिसते ते दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिसत नाही.

इबेरियाचे उदाहरण घ्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात असे आढळले की इ.स.पू. २००० च्या सुमारापर्यंत स्पेन-पोर्तुगालच्या लोकसंख्येच्या जनुकीय वारशापैकी सुमारे चाळीस टक्के वाटा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांशी नाते सांगणाऱ्या नव्या लोकांचा झाला होता, आणि वाय गुणसूत्रे मात्र जवळजवळ शंभर टक्के बदलली होती. म्हणजे चार-पाच शतकांत स्थानिक पुरुषांचे वंश संपले आणि स्थानिक स्त्रियांचे टिकले. हे युद्धाने झाले, गुलामगिरीने झाले की नव्या लोकांच्या मुलांना वारसा आणि प्रतिष्ठा मिळत गेल्याने झाले, यावर वाद घाला; पण काहीतरी विलक्षण घडले ही गोष्ट त्या दोन टक्क्यांनीच सांगितली.

आपल्या किनाऱ्यावरचेही उदाहरण आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज आले, असे कोकणातले बेने इस्रायली सांगत आले आहेत. दिसायला, बोलायला, जेवायला ते पूर्ण कोकणी असल्यामुळे अनेकांनी ती दंतकथा मानली. २०१६ च्या अभ्यासात त्यांचा वारसा भारतीय आणि ज्यू असा दुहेरी निघाला, आणि त्यातला ज्यू भाग अधिक करून पुरुषांकडून आला होता असे दिसले. कथेला आधार मिळाला तो पितृवंशाचाच.

परदेशी बेळगावकर, मंगळवार

सह्यकडा यांनी इबेरिया काढलेच आहे, तर मला स्पेनच्या बास्क प्रदेशातील बिल्बाओचे दोन शब्द लिहू द्या. तिथे मी दोन वर्षे शिकायला होतो.

बास्क पुरुषांत आर१बीचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. त्यांची भाषा युरोपातील कोणत्याही भाषेशी जुळत नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पूर्वी एक सोपा निष्कर्ष काढला गेला: बास्क हे हिमयुगापासूनचे युरोपीय, म्हणून आर१बी हा हिमयुगीन शिकाऱ्यांचा वंश, म्हणून आयरिश आणि वेल्श लोकही त्याच शिकाऱ्यांचे वारस. २००० साली सायन्स या नियतकालिकात ओर्नेला सेमिनो आणि सहकाऱ्यांनी असेच चित्र मांडले होते. दहा वर्षांनी, २०१० मध्ये, दुसऱ्या एका गटाने तोच वंश अनातोलियातून शेती घेऊन आलेल्यांचा ठरवला. आणि २०१५ पासून प्राचीन हाडांतला डीएनए वाचता येऊ लागल्यावर कळले की पश्चिम युरोपात पसरलेली आर१बीची फांदी ना शिकाऱ्यांबरोबर आली ना पहिल्या शेतकऱ्यांबरोबर. ती ताम्र-कांस्य युगात पूर्वेकडून आली. पंधरा वर्षांत एकाच अक्षराचा पूर्वज शिकारी, मग शेतकरी आणि मग गुराखी झाला. त्या मधल्या काळात ज्यांनी चाचणी करून भिंतीवर प्रमाणपत्र लावले, त्यांनी ते बदलून घेतले असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

खरी गंमत पुढे आहे. नवे लोक बहुधा इंडो-युरोपीय भाषा बोलणारे होते. बास्कांनी बापाचा वंश त्यांचा घेतला आणि भाषा मात्र आधीची ठेवली. माझी घरमालकीण स्वतःला अस्सल बास्क का म्हणवते, असे मी तिला एकदा विचारले होते. तिने उत्तर न देता माझ्याकडून बास्क भाषेतले आकडे वीसपर्यंत म्हणून घेतले आणि चुकलेल्या ठिकाणी हातावर चमचा मारला.

पावट्याची उसळ, मंगळवार

घरमालकिणीची चाचणी स्वस्त आणि खात्रीची दिसते. निकालही लगेच.

मिडलंड्सकर, मंगळवार

मी लेस्टरला राहतो, त्यामुळे आमच्या राजाबद्दल लिहिणे कर्तव्य आहे.

२०१२ साली इथल्या एका वाहनतळाखाली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला होता. ओळख पटवण्यासाठी त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातील आजच्या दोन व्यक्तींचा मातृवंशीय (फक्त आईकडून मुलांना मिळणारा) डीएनए पाहिला, तो जुळला. मग पितृवंश पाहिला. रिचर्डचा पणजोबाचा बाप म्हणजे राजा तिसरा एडवर्ड, आणि त्याच्यापासूनच पुरुषवंशाने आलेले सॉमरसेट घराणे आजही हयात आहे. त्या घराण्यातील पाच पुरुषांनी नमुने दिले. रिचर्डचा गट जी निघाला. पाचांपैकी चौघांचा आर१बी निघाला. पाचव्याचा आय निघाला, म्हणजे तो उरलेल्या चौघांशीही जुळेना.

वंशावळ कागदावर निर्दोष आहे, सहीशिक्क्यांसह आहे, आणि तरीही कुठेतरी निदान दोनदा धागा तुटला आहे. ज्यांच्या वंशावळी सरदारांच्या दप्तरांत जपल्या आहेत त्यांची ही कथा, मग साध्या शेतकऱ्याने वाय गुणसूत्रावरून आपण अमुक टोळीचे असे म्हणावे का?

कागलकर, मंगळवार

मिडलंड्सकर, यात लाजण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही. आमच्याकडे तर धागा उघडपणे, मुहूर्त पाहून, वाजतगाजत तोडतात आणि जोडतात. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. वंश भोसल्यांचा चालला, वाय गुणसूत्र घाटग्यांचे. त्यांना कोणी भोसले नव्हेत असे म्हणून दाखवावे. वंश ही समाजाने मान्य केलेली गोष्ट आहे. जी प्रयोगशाळेत दिसते ती वेगळी, आणि दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे हे सगळे घोळ होतात.

सह्यकडा, मंगळवार

कागलकरांचा मुद्दा बिनतोड आहे. तरी मिडलंड्सकरांच्या कथेचा अर्थ फुगवू नये. बेल्जियममध्ये मार्टेन लार्मुसो यांनी जुन्या वंशावळी आणि वाय गुणसूत्रे ताडून पाहिली, तेव्हा कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा असण्याचे प्रमाण दर पिढीला एक टक्क्याच्या आसपास आले. एकोणीस दुव्यांच्या साखळीत, म्हणजे रिचर्ड आणि सॉमरसेट घराणे यांच्यातील अंतरात, कुठेतरी एकदा तुटण्याची शक्यता त्या हिशेबाने सुमारे सतरा टक्के होते. हे काही आक्रीत नव्हे. आणि उलट बाजूने पाहिले तर तीस पिढ्यांनंतरही चारांतील तीन साखळ्या अखंड राहतात. बाराव्या शतकापासून आजपर्यंत पंचाहत्तर टक्के घरांत आडनावामागचा बाप खरा असेल, तर युरोपातील बायकांवर जो संशय घेतला जातो तो उगाचच आहे.

शलाका, मंगळवार

सह्यकडा, शेवटच्या वाक्याबद्दल आभार मानू की कपाळाला हात लावू, हे ठरत नाही. एक साधी गोष्ट आतापर्यंत कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. माझ्यात वाय गुणसूत्रच नाही. मी चाचणी केली तेव्हा मातृवंशाचा रकाना भरून आला आणि पितृवंशाच्या रकान्यात लिहिले होते की कृपया वडिलांचा अथवा भावाचा नमुना पाठवावा. वडील जाऊन अकरा वर्षे झाली आहेत आणि मला भाऊ नाही. चुलतभावाला फोन केला तर त्याने आधी हिश्शाचा काही विषय आहे का असे विचारले. म्हणजे ज्या वडिलांचे नाक, चष्म्याचा नंबर आणि सकाळचा खोकला मी घेऊन फिरते, त्यांच्या 'मुळाशी' या पद्धतीने माझा संबंध नाही.

आणि देशांच्या बाबतीतही हेच होते. आइसलंडचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथल्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नॉर्वेकडची आहेत, आणि मातृवंश पाहिला तर साठ टक्क्यांहून अधिक वंश आयर्लंड-स्कॉटलंडकडचे आहेत. नुसते बाप मोजले तर आइसलंड व्हायकिंगांचा, नुसत्या आया मोजल्या तर गेलिक लोकांचा. त्या आयांतल्या किती जणी स्वखुशीने गलबतात चढल्या असतील? नकाशावरच्या बाणाखाली हे कोणी छापत नाही.

पावट्याची उसळ, मंगळवार

प्र.का.टा.आ. (विनोद लिहिला होता. शलाका यांचा प्रतिसाद वाचल्यावर काढून टाकला.)

विहिरीतले कासव, बुधवार

कोणीच हिंमत करत नाही, तर मीच विचारतो. आर१ए आले की आर्य आले. लोकमान्यांनी तर आर्यांना थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवले होते. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या डीएनएने काय सिद्ध झाले ते इथल्या विद्वानांनी एकदाचे सांगून टाकावे.

सूक्ष्मदर्शी, बुधवार

विहिरीतले कासव, या धाग्यापुरते एवढेच सांगतो, कारण ते वाय गुणसूत्राबद्दल आहे. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली राखीगढीच्या ज्या सांगाड्याचा जनुकीय निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो एका स्त्रीचा आहे. तिच्यात गवताळ मैदानांकडचा वारसा आढळला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पण तिला वाय गुणसूत्रच नसल्यामुळे हडप्पाकालीन पुरुषांचा गट कोणता, याचे उत्तर ती देऊ शकत नाही. शलाका यांचा मुद्दा साडेचार हजार वर्षे जुना आहे म्हणायचा.

संपादक, बुधवार

आर्य या विषयावर स्वतंत्र धागे आहेत आणि त्यांतील दोन कुलूपबंद आहेत. इथे युरोपबद्दल लिहावे, ही विनंती.

मांडवी, बुधवार

माझी मातृभाषा कोकणी आहे, मराठीत काही चुकले तर सांभाळून घ्यावे. आम्ही बार्देशातले कॅथलिक. आमचे आडनाव पोर्तुगीज, घराचे नाव पोर्तुगीज, आणि माझ्या काकांचा ठाम समज असा की चार-पाच पिढ्यांमागे घरात कोणीतरी लिस्बनचा गोरा अधिकारी होता. पुरावा म्हणजे काकांचे घारे डोळे आणि माडीवरचे एक लाकडी कपाट. काकांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांच्या मुलाने कॅनडातून चाचणी करवली. सगळे कुटुंब बाल्कांवावर जमले, सॉर्पोतेल गरम होत होते, आणि निकाल आला आर१ए, फांदी झेड९३. काकांनी विचारले की यात लिस्बन कुठे आहे. मुलाने सांगितले की पोर्तुगालात बहुतेक पुरुष आर१बीचे असतात आणि आपली फांदी इथलीच. काका दोन मिनिटे गप्प बसले आणि मग म्हणाले की कपाट तरी नक्की तिकडचे आहे.

नंतर मी वाचले की हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये गोवा, कुमठा आणि मंगळूर इथल्या कॅथलिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यात बहुतेकांचे नाते गौड सारस्वतांच्या जुन्या वंशाशी जुळले आणि चाळीस टक्क्यांहून अधिक पुरुष आर१ए निघाले. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळत असे. त्याबरोबर गुणसूत्र मिळत नसे. काकांना हे मी अजून सांगितलेले नाही.

कडुलिंब, बुधवार

मांडवी, उत्तम प्रतिसाद. तुमच्या काकांच्या समाधानासाठी उलट दिशेचे एक उदाहरण देतो. हंगेरीचा राजा तिसरा बेला ११९६ साली वारला. त्याची हाडे १८४८ मध्ये सेकेशफेहेरवार इथे सापडली आणि अलीकडे त्यांतला डीएनए वाचला गेला. हंगेरीचे राज्य स्थापणाऱ्या आर्पाद घराण्याचा हा राजा. त्याचा गट निघाला आर१ए, आणि तोही युरोपीय झेड२८२ नव्हे, तर झेड९३. आजच्या माणसांत त्या वंशाचे जवळचे नातेवाईक उरलजवळच्या बाश्कीर लोकांत सापडतात. तेव्हा काकांना सांगा की लिस्बनचा अधिकारी गेला तर गेला, पण हंगेरीचा राजा लांबचा का होईना भाऊबंद निघाला. आजचे हंगेरियन लोक मात्र बहुतांशी आपल्या शेजाऱ्यांसारखेच आहेत. भाषा राजाच्या टोळीची राहिली आणि वंश शेजारपाजारचा. म्हणजे बास्कांच्या बरोबर उलटे.

सूक्ष्मदर्शी, बुधवार

आता धागाकर्त्याच्या कागदी रुमालाकडे वळतो, कारण त्यातली प्रत्येक वाटणी कुठेतरी गळते.

फिनलंडमध्ये एन गटाचे पुरुष साठ टक्क्यांच्या आसपास आहेत हे खरे, आणि तो गट सैबेरियाकडून आला हेही खरे. पण फिनिश माणसाचा सगळा डीएनए पाहिला तर सैबेरियाचा वाटा थोडा आहे आणि बाकीचा उत्तर युरोपचाच आहे. शिवाय लिथुआनिया आणि लाटव्हियातही एनचे प्रमाण चाळीस टक्क्यांजवळ आहे, आणि लिथुआनियन भाषा तर जुन्या इंडो-युरोपीय रूपांसाठी संस्कृतच्या अभ्यासकांची लाडकी आहे. बोस्नियाच्या आय२ला तिथला आदिवासी म्हणण्याचे कारण एवढेच की त्याचे प्रमाण तिथे सर्वांत जास्त आहे. मात्र त्या फांदीचा विस्तार जेमतेम दोन हजार वर्षांतला आहे आणि आता बहुतेक अभ्यासक तिचा संबंध सहाव्या-सातव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या स्लाव्ह लोकांशी जोडतात. म्हणजे ज्याला सहकाऱ्याने स्लाव्हपूर्व ठरवले तोच बहुधा स्लाव्हांबरोबर आला. जिथे गर्दी जास्त तिथे उगम, हा तर्क बास्कांच्या बाबतीत फसला आणि इथेही फसला. पंढरपुरात आषाढीला गर्दी असते म्हणून सगळे वारकरी पंढरपूरचे होत नाहीत.

जे लोक स्वतःला व्हायकिंग म्हणवून घेतात त्यांच्यासाठी २०२० चा एक अभ्यास आहे. ४४२ सांगाडे तपासले गेले. ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने, तलवारीसह पुरलेल्या माणसांत स्कँडिनेव्हियाचा वारसा नसलेले स्थानिक पुरुषही निघाले. व्हायकिंग असणे हा त्या काळी बराचसा व्यवसाय होता. याच कारणाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे मार्क थॉमस यांनी २०१३ मध्ये अशा 'तुम्ही व्हायकिंग आहात' छापाच्या निकालांना फलज्योतिषाच्या पंगतीला बसवले होते.

आणि शेवटची दोन उदाहरणे. यॉर्कशायरमधील एक दुर्मीळ आडनाव लावणाऱ्या अठरा पुरुषांपैकी सात जणांत २००७ साली ए१ हा गट सापडला. तो पश्चिम आफ्रिकेतला आहे. दिसायला ते कोणत्याही इंग्रज शेतकऱ्यासारखे, वंशावळ अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्लंडमध्येच. दुसरीकडे युरोपभर राहणाऱ्या रोमा लोकांत एच गटाची जी फांदी मोठ्या प्रमाणात आढळते ती भारतातली आहे. सहकाऱ्याच्या रुमालावर यॉर्कशायरच्या त्या सात जणांना तो आफ्रिकेत नेऊन ठेवेल, आणि सुमारे हजार वर्षे युरोपात राहणाऱ्या रोमांना परत सिंधूकाठी. तिथेच या पद्धतीचा उपयोग संपून उपद्रव सुरू होतो, आणि रोमांच्या बाबतीत तो उपद्रव विसाव्या शतकात कुठवर गेला होता ते सर्वांना ठाऊक आहे.

सह्यकडा, बुधवार

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. मात्र ऑर्कनीची गोष्टसुद्धा डीएनएनेच कळली, हे नोंदवून ठेवतो.

परदेशी बेळगावकर, बुधवार

थोडे अवांतर: फ्रान्समध्ये कुतूहलापोटी अशी चाचणी करून घेणे बेकायदा आहे आणि ३,७५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरीकडे, या धंद्यातील सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एक असलेल्या ट्वेंटीथ्री अँड मीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि लाखो ग्राहकांच्या थुंकीतून निघालेली माहिती आता कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न उभा राहिला. चाचणी करण्यापूर्वी याचाही विचार व्हावा.

वळिवडेकर, बुधवार

धागा आज पाहिला. पोलंड आणि महाराष्ट्र यांचे नाते शोधायला ५,८०० वर्षे मागे जायची गरज नाही, ऐंशी वर्षे पुरतात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहत होते. त्यात बहुतेक बायका आणि मुले होती. माझी आजी सांगायची की त्यांच्या बाया अंडी घ्यायला दारात येत, एक-दोन-तीन मराठीत म्हणत आणि चारला अडखळत; मग आजी चार बोटे दाखवायची आणि दोघी हसायच्या. वॉर्सात आता कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ओड्राकाठचा, तुमच्या सहकाऱ्याला हे अवश्य सांगा. वाय गुणसूत्राच्या नकाशावर या नात्याचा ठिपकाही उमटणार नाही.

ओड्राकाठचा, शुक्रवार

सर्वांचे मनापासून आभार. आज जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यासमोर हा सगळा धागा जमेल तसा मांडला. दोनशे पिढ्यांचा हिशेब त्याला पटला. बोस्नियाची गोष्ट पटली नाही. तो म्हणाला की घरी जाऊन वाचतो. वळिवड्याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हते, आणि ते ऐकल्यावर त्याने लगेच आईला फोन लावला.

मावसभावाची चूकही कबूल केली. त्याला समजावताना इंग्रजीत माझी फार ओढाताण झाली. कझिन म्हणजे कोणता कझिन, हे सांगायला मला रुमालावर झाड काढावे लागले. ते पाहून तो एकदम म्हणाला की हे तर आमच्याकडेही होते. त्याची आजी बापाच्या भावाला स्त्रिय म्हणायची आणि आईच्या भावाला वुय. आता दोघांनाही वुयेकच म्हणतात आणि मुलांना सरसकट कुझिन. पण आजीच्या बोलीत चुलतभावाला वेगळा शब्द होता: ब्रात स्त्रियेच्नी.

ब्रात म्हणजे आपला भ्राता, हे मला सांगावे लागले नाही. स्त्रियेच्नी ऐकून मात्र मी हसू लागलो आणि का हसतो आहे ते त्याला सांगितले. शुद्ध पितृवंशाच्या भावाला पोलिशमध्ये जो शब्द आहे तो मराठी कानाला 'स्त्रियेचा' असा ऐकू येतो. शलाका यांना हे आवडेल असे वाटले. आज डब्यात गवार होती. त्याने एक घास घेतला आणि डबा परत केला.

पावट्याची उसळ, शुक्रवार

गवार परत केली? मग झेड२८२च.